लोखंडी नांगराने जमिनीला विष चढतं म्हणायचे, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी त्याच नांगरावर अख्खं गाव उभं केलं

एप्रिल उजाडला की गेवराई तालुक्यात रात्री उशिरापर्यंत एकच आवाज येत राहतो. ट्रॅक्टरचा.

पराटी उपटून झालेली असते, ऊन मी म्हणत असतं आणि गोदाकाठच्या काळ्या रानात पलटी नांगर चाललेला असतो. नांगरट झाली की ढेकळं फोडायला रोटा. रान पिठासारखं मऊ झालं की शेतकरी निवांत.

मग जूनमध्ये पहिला दणक्याचा पाऊस येतो. तासाभरात ओढे भरतात आणि गढूळ पाणी गोदावरीच्या दिशेने पळत सुटतं. ते पाणी गढूळ कशाने झालं? तर रानातल्या वरच्या, सगळ्यात सुपीक मातीने.

आज नांगरट केली नाही तर भावकी आळशी म्हणते. पण सव्वाशे वर्षांपूर्वी लोखंडी नांगर रानात घालायलाच लोक घाबरायचे. ही भीती घालवण्यात ज्या माणसाचा मोठा वाटा आहे त्याचं नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणराव जन्मले 20 जून 1869 रोजी, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला. शाळेच्या अभ्यासात मन रमत नव्हतं. आवडी दोनच, चित्रं काढायची आणि यंत्रं खोलून बघायची. 1885 मध्ये त्यांनी मुंबई गाठली आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये नाव घातलं. पण दोनेक वर्षांत लक्षात आलं की आपल्याला काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. चित्रकार व्हायचं स्वप्न तिथेच संपलं.

राहिली यंत्रं. ते यंत्रांची रेखाचित्रं काढायला शिकले आणि मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये तोच विषय शिकवायला लागले. रिकामा वेळ मिळाला की मुक्काम संस्थेच्या वर्कशॉपमध्ये. तिकडे बेळगावला थोरले बंधू रामूअण्णांच्या साथीने सायकलचं दुकानही सुरू झालं होतं. पुढे नोकरीत हक्काची बढती त्यांना डावलून दुसऱ्याला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि थेट बेळगाव गाठलं.

तिथे छोट्या कारखान्यात त्यांनी आधी कडबा कापायचं यंत्र बनवलं आणि मग हात घातला लोखंडी नांगराला.

आता लोखंडी नांगराचं एवढं काय कौतुक, असं वाटेल. तर तेव्हाचा आपला नांगर असायचा लाकडाचा. टोकाला लोखंडी फाळ, बाकी सगळं बाभळीचं लाकूड. तो जमीन चिरत जायचा, पण माती उलटवायचा नाही. काळ्या भारी रानात हरळी आणि कुंद्याच्या मुळ्या खोल गेल्या की लाकडी नांगर हात टेकायचा. लोखंडी नांगराचं वाकडं पातं मात्र मातीची पट्टी कापून ती पालथी घालायचं. तण गाडलं जायचं, मुळ्या उन्हात वाळायच्या आणि घट्ट जमिनीत पावसाचं पाणी खोल उतरायचं.

असे नांगर परदेशातून येत होते. लक्ष्मणरावांना ते इथे, इथल्या बैलांना ओढता येतील असे बनवायचे होते.

नांगर तयार झाला. गिऱ्हाईकच मिळेना.

लोखंडाने जमिनीला विष चढतं, असं शेतकऱ्यांच्या मनात पक्कं होतं. नांगर बनवायला लागला नाही एवढा वेळ विकायला लागला. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली असं सांगितलं जातं. पण ज्यांनी तो वापरला त्यांच्या रानातली हरळी हटलेली शेजाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिली, आणि शेतकऱ्याला तेवढी जाहिरात पुरते.

धंदा जरा मार्गी लागतोय तोच बेळगावची जागा नगरपालिकेच्या योजनेत गेली. कारखाना हलवायचा कुठे, हा प्रश्न उभा राहिला. तेव्हा मदतीला आले औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. ते स्वतः चित्रकार आणि सूर्यनमस्काराचे मोठे प्रचारक. त्यांनी कर्ज दिलं आणि कुंडल रोड स्टेशनजवळची जागा दिली. जागा कसली, निवडुंगाने भरलेला माळ होता.

1910 मध्ये त्या माळावर कारखाना आणि कामगारांची वसाहत उभी राहू लागली. तीच आजची सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. पुढे स्टेशनलाही तेच नाव मिळालं. या वसाहतीत लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता पाळायला बंदी घातली. त्या काळात ही छोटी गोष्ट नव्हती.

इथून किर्लोस्कर नांगर गावोगाव गेला. पुढे चरक आले, पंप आले, त्यांच्या मुलांच्या पिढीने इंजिनं आणि मोटारी बनवल्या.

पण किर्लोस्करवाडीत नांगर ओतले जात होते, त्याच काळात जगात दुसरीकडे नांगराचीच झडती सुरू झाली होती.

अमेरिकेत जॉन डिअरने 1837 मध्ये पोलादी नांगर बनवला होता. पुढे तशा नांगरांनी आणि नंतर ट्रॅक्टरने तिथल्या लाखो एकर गवताळ कुरणांची शेतं केली. मातीला धरून ठेवणारी गवताची मुळं गेली. 1930 च्या दशकात दुष्काळ पडला आणि उघडी पडलेली माती वाऱ्याने उचलली. भर दिवसा अंधार करणारी धुळीची वादळं आली, शेतकरी कुटुंबं गावं सोडून निघाली. 1935 मध्ये अमेरिकन सरकारला मृदसंधारणासाठी वेगळं खातं काढावं लागलं. 1943 मध्ये एडवर्ड फॉकनर यांचं पुस्तक आलं. जमीन दरवर्षी पालथी घालायची गरजच काय, असा त्यांचा सवाल होता.

मग लोखंडाला घाबरणारे आपले शेतकरी बरोबर होते का?

तर नाही. लोखंडाने जमिनीला विष चढत नाही. नुकसान होतं ते वेगळ्या कारणाने.

माती म्हणजे नुसती भुकटी नसते. तिचे बारीक बारीक रवे असतात आणि ते मुळं, बुरशीचे धागे व कुजलेला पालापाचोळा यांनी बांधलेले असतात. गांडुळांच्या आणि जुन्या मुळांच्या वाटांनी पाणी खाली जातं. वारंवार नांगरट केली की या वाटा मोडतात. आतली माती हवेला आणि उन्हाला उघडी पडते, सेंद्रिय कर्ब झपाट्याने संपतो आणि रवे सुटतात. त्यावर पावसाचा थेंब आपटला की बारीक माती वरची छिद्रं बुजवते. पाणी मुरायचं थांबतं, वाहायला लागतं आणि जाताना माती घेऊन जातं. त्यात दरवर्षी रोटा एकाच खोलीवर फिरला, तर खाली घट्ट थर बसतो तो वेगळाच.

पाणी आणि माती शेतातच अडवा, हे आपल्याकडे नवीन नव्हतं. महात्मा फुल्यांनी 1883 मध्येच 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये ताली-बांध घालून पावसाचं पाणी रानात मुरवायचा मार्ग सरकारला सुचवला होता.

पुढे 1930 च्या दशकात सोलापूरला कोरडवाहू शेतीवर संशोधन सुरू झालं. तेव्हाच्या मुंबई इलाख्यासाठी जी पद्धत ठरली त्यात बांधबंदिस्ती होती, शेणखत होतं, विरळ पेरणी आणि कोळपणी होती. खोल नांगरटही होती, पण तीन वर्षांतून एकदा.

सगळी मेख इथेच आहे. लक्ष्मणरावांच्या काळात नांगरट जपूनच व्हायची, कारण नांगर बैल ओढायचे. खोल नांगरटीला बैलजोड्या लागायच्या, दिवस लागायचे. बैलांची ताकद हीच मर्यादा होती. ट्रॅक्टरने ती मर्यादा काढून टाकली. तीन वर्षांतून एकदा घ्यायचं औषध दरवर्षी सुरू झालं, वर रोट्याचा जास्तीचा डोस.

यावर उपाय म्हणून विना-नांगरणी शेती आणि आच्छादन पिकांची चर्चा होते. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळेंनी भातासाठी विना-नांगरणीचं सगुणा तंत्र आणलं. गादीवाफे एकदाच करायचे, पीक कापल्यावर मुळं जमिनीतच ठेवायची. मराठवाड्यातल्या काही शेतकऱ्यांनी कापसातही ते वापरून बघितलंय. आच्छादन पिकं तर आपल्या ओळखीचीच आहेत. ताग, धैंचा, चवळी, मटकी, हुलगा. मटकी रानभर पसरली की पावसाचा थेंब मातीवर नाही, पानावर पडतो.

पण गेवराईसारख्या भागात हे सांगणं सोपं आणि करणं अवघड आहे. पाऊस बेभरवशाचा, त्यामुळे आच्छादन पीक मुख्य पिकाची ओल खाईल ही भीती खोटी नाही. धसकटं, पालापाचोळा रानात ठेवायचा तर जनावरांच्या वैरणीचा प्रश्न येतो. नांगरट सोडली की तणनाशकाचा खर्च वाढतो. आणि कपाशीवर बोंडअळी आली की तिचे कोष उन्हात मारायला खोल नांगरट करा, असं कृषी खातंच सांगतं.

म्हणजे नांगर शत्रू नाही. तण माजलं, बोंडअळी आली, जमीन घट्ट झाली तर तो लागणारच. पण दरवर्षी, सगळ्या रानात, सवय म्हणून नाही. नांगरायचंच तर उताराला आडवं नांगरायचं, रोट्याच्या पाळ्या कमी करायच्या, कपाशीच्या ओळींत मूग-उडीद घ्यायचा आणि पराटी जाळण्याऐवजी बारीक करून रानात पसरायची. बोंडअळी असलेली बोंडं मात्र आधी वेचून नष्ट करायची. यातलं बरंचसं काम फारसा खर्च न करता होण्यासारखं आहे.

26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव गेले. 1969 मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. तोवर लोखंडी नांगराची भीती पार विसरली गेली होती.

जे अवजार घ्यायला शेतकरी दोन वर्षं तयार नव्हते, ते आज थोडं बाजूला ठेवायलाही तयार नाहीत. लक्ष्मणरावांना तेव्हा उपयोगी पडला होता तो एक प्रयोग करणारा शेतकरी आणि त्याचं रान बघणारे शेजारी. आजही तेच लागणार आहे. एक एकर कमी नांगरून बघायचं आणि जूनच्या पहिल्या पावसात बांधावर उभं राहून दोन्ही रानांतून बाहेर पडणारं पाणी बघायचं.

ज्या रानातलं पाणी कमी गढूळ, त्या रानात माती राहिली.