चेरोकींचा अर्जदार नायक

अमेरिकेची पहिली जनगणना १७९० साली झाली. तीत लोकसंख्या सुमारे ३९ लाख भरली. आपापल्या भूमीवर स्वतंत्रपणे राहणारे मूळ रहिवासी तीत धरलेच नव्हते. त्याच वर्षी जॉन रॉस जन्मले. वडील स्कॉटिश व्यापारी. चेरोकी रक्त आईकडून आले, तेही एक-अष्टमांश. त्या लोकांची भाषाही रॉस यांना सफाईने बोलता येत नसे. गोऱ्या समाजात मिसळून जाणे त्यांना सहज शक्य होते. ते न करता १८२८ पासून मृत्यूपर्यंत, अडतीस वर्षे, ते चेरोकींचे प्रमुख राहिले.

सुधारलात तर टिकाल, असे चेरोकींना वारंवार सांगण्यात आले होते. ते सुधारले. सिक्वोया यांनी १८२१ च्या सुमारास लिपी सिद्ध केली. १८२७ मध्ये लिखित राज्यघटना झाली, पुढच्याच वर्षी वृत्तपत्र निघाले. परंतु जॉर्जिया राज्याला हवी होती ती जमीन. त्यात तिच्या पोटात सोने सापडले. १८३० मध्ये स्थलांतराचा कायदा झाला. त्यावर सही करणारे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्याच सैन्यात १८१४ साली रॉस लढले होते, हा योगायोग विसरण्याजोगा नाही.

रॉस यांनी शस्त्र उचलले नाही. ते न्यायालयात गेले. जॉर्जियाचे कायदे चेरोकी भूमीत लागू नाहीत, असा निर्णय १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका मिशनऱ्याच्या खटल्यात दिला. त्याची अंमलबजावणी झाली नाही. उलट चेरोकींच्या जमिनी सोडतीने वाटल्या गेल्या. १८३५ मध्ये रॉस वॉशिंग्टनहून परतले तेव्हा त्यांच्याच घरात परके कुटुंब नांदत होते. शेजारच्या टेनेसी राज्यात त्यांनी एका खोलीत संसार मांडला. तेथेही जॉर्जियाच्या शिपायांनी हद्द ओलांडून त्यांना पकडले. त्या वेळी सोबत पकडला गेलेला पाहुणा होता घराची महती गाणाऱ्या ‘होम, स्वीट होम’ या गीताचा कर्ता, जॉन हॉवर्ड पेन!

त्याच डिसेंबरात मूठभर चेरोकींनी पन्नास लाख डॉलरांच्या मोबदल्यात सारी भूमी देऊन टाकणारा करार केला. रॉस यांनी पंधरा हजारांहून अधिक सह्यांचा निषेध-अर्ज सादर केला. पण सेनेटने त्याआधीच, एका मताच्या फरकाने, करार मंजूर केला होता. १८३८ मध्ये लष्कराने लोकांना घरांतून काढून छावण्यांत कोंडले. निदान प्रवासाची व्यवस्था आमच्या हाती द्या, एवढेच मागणे आता उरले होते; ते मान्य झाले. पश्चिमेकडील त्या हिवाळी वाटचालीत आणि छावण्यांत सुमारे सोळा हजारांपैकी अंदाजे चार हजार माणसे दगावली. रॉस यांच्या पत्नी क्वाटी १८३९ च्या फेब्रुवारीत वाटेतच वारल्या.

या जीवनाला एक काळी बाजूही आहे. रॉस स्वतः गुलामांचे मालक होते. चेरोकींबरोबर त्यांचे काळे गुलामही ती वाट तुडवत गेले. त्यांच्या वतीने मात्र रॉस यांनी असा अर्ज कधी केला नाही.

यादवी युद्धात रॉस यांनी १८६१ मध्ये दक्षिणेशी करार केला, पुढच्या वर्षी ते उत्तरेकडे वळले. युद्ध संपल्यावर नव्या कराराच्या वाटाघाटींसाठी ते पुन्हा वॉशिंग्टनमध्ये होते. आजारी असूनही त्यांनी त्यांत भाग घेतला. १ ऑगस्ट १८६६ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. त्या करारान्वये चेरोकींचे गुलाम कायमचे मुक्त ठरले, आणि नव्या चेरोकी भूमीतून लोहमार्ग नेण्याची मुभाही दिली गेली.