छपरावरचा मुलगा

धूमकेतूचे फोटो काढणाऱ्या माझ्यासारख्या हौशी माणसाला एडवर्ड बर्नार्ड हा थोरल्या भावासारखा वाटतो. अमेरिकेतल्या नॅशव्हिल गावी १८५७ साली तो जन्मला, तेव्हा वडील हयात नव्हते. घरी अठराविश्वे दारिद्र्य. नवव्या वर्षी तो फोटो स्टुडिओत कामाला लागला. तिथे फोटो मोठे करायला ऊन वापरत. छपरावरचा अवजड कॅमेरा दिवसभर सूर्यामागे हळूहळू फिरवायचा, हे त्याचे काम. आधीची मुले डुलक्या घेत. हा जागा राहिला.

पुढे रात्री जागून त्याने धूमकेतू शोधले. एकेका शोधाला २०० डॉलर बक्षीस मिळे. त्यातून घर उभे राहिले. १८९२ मध्ये लिक वेधशाळेत, माणसांचे फोटो काढण्यासाठी बनवलेल्या जुन्या भिंगातून त्याने आकाश टिपले आणि काचेवर नवा धूमकेतू उमटला. फोटोवरून शोध लागलेला हा पहिला धूमकेतू मानतात.

१९९७ साली बिजागरीच्या दोन फळ्यांवर कॅमेरा बसवून मी हेल-बॉप रोलवर टिपला. दहा मिनिटे हाताने स्क्रू फिरवताना मान अवघडली. बर्नार्ड तासन्‌तास दुर्बिणीला डोळा लावून बसे. १९२३ साली तो गेला. मोठा शास्त्रज्ञ म्हणून गेला. पण त्याची खरी शाळा ते छप्परच होते.