ख्रिस्तवासी लक्ष्मीबाई टिळक

रे. नारायण वामन टिळक यांचे नाव ज्याने ऐकले नाही असा मराठी ख्रिस्ती मनुष्य विरळा. त्यांची भजने आपण खेडोपाडी गातो. परंतु ज्या बाईने त्यांचा संसार निभावला व त्यांचे अपुरे काम पुढे नेले, तिचे चरित्रही आपणांस तितकेच बोधप्रद आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळ जलालपूर येथे गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. वडील अतिशय सोवळे असल्यामुळे शिवाशिवीचा धाक त्या घरात अष्टौप्रहर असे. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. शाळा त्यांनी पाहिली नाही; लिहिणेवाचणे त्या लग्नानंतर घरीच शिकल्या. टिळक विद्वान व कवी खरे, पण लहरी. न सांगता घर सोडून जावे, हाती आलेला पैसा गरजूला देऊन मोकळे व्हावे, असा त्यांचा स्वभाव. त्यामुळे घरची ओढाताण बाईंच्याच वाट्यास आली. काही मुले लहानपणीच गेली. १८९१ साली झालेला दत्तू मात्र हाती लागला.

ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. बाईंवर जणू आकाश कोसळले. पती जिवंत, पण परधर्मात गेलेला, पदरी लहान मूल, आश्रय नातलगांचा. पंढरपूर, नाशिक अशा ठिकाणी आप्तांच्या छायेत त्यांनी सुमारे पाच वर्षे काढली. टिळकांनी पत्रव्यवहार सोडला नाही, आणि बाईंचे मनही पतीवरून उडाले नाही. शेवटी मुलाला घेऊन त्या अहमदनगरास त्यांच्याजवळ आल्या. तरी धर्म सोडला नव्हता. त्यांचा स्वयंपाक व पाणी वेगळेच असे.

येथे एक गोष्ट ध्यानात धरण्याजोगी आहे. पती ख्रिस्ती झाला एवढ्याच कारणाने त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्यांनी पाहिले, ऐकले, मनाशी विचार केला. जातिभेद देवाने केलेला नसून माणसांनी केलेला आहे, अशी त्यांची खात्री पटली, तेव्हा लहानपणापासून जपलेले सोवळे त्यांनी आपण होऊन टाकले. पुढे प्रभूवर विश्वास बसला आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्यानंतर त्यांचे घर सर्वांचे झाले. टिळकांनी आणलेल्या अनाथ मुलांस त्यांनी आपल्या ताटातला घास दिला. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, हे हिंदू तरुण कवी त्यांच्या घरी मुलाप्रमाणे राहिले. १९१८ साली आगगाडीच्या अपघातात ते गेले, तेव्हा ह्या बाईंना पुत्रशोकच झाला.

ता. ९ मे १९१९ रोजी टिळक प्रभूकडे गेले. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य दहाअकरा अध्यायांवर थांबले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या ह्या विधवेने ते हाती घेतले व पुढचे चौसष्ट अध्याय रचले. त्यांच्या आठवणींचे ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक १९३४ पासून चार भागांत निघाले. त्यात त्यांनी पतीचे गुणदोष आणि स्वतःची फजिती सारख्याच मोकळेपणाने सांगितली आहे. ख्रिस्ती असो वा हिंदू, मराठी वाचणाऱ्या सर्वांनी ते आपले मानले. ता. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांनी देह ठेवला.

प्रिय वाचकहो, आपल्या गावांत पुरुषाचा बाप्तिस्मा झाला की पत्नीचे नाव त्याच्याच ओळीत मांडून आपण मोकळे होतो. तिच्या मनाला कोण विचारतो? लक्ष्मीबाईंना पाच वर्षे लागली. पण ज्या विश्वासास त्या स्वतःच्या पायांनी चालत आल्या, तो वैधव्यातही ढळला नाही. उपदेशक बंधूंनी घरच्या बाईजवळ बसून तिच्या शंका ऐकाव्या, तिला वाचावयास शिकवावे, आणि तिला लागेल तितका वेळ द्यावा. घाईने घेतलेल्या नावापेक्षा धीराने मिळालेली एक बहीण मंडळीस अधिक मोलाची आहे.