डॉ. होमी भाभा आणि परळचें रुग्णालय

आंबिवलीहून कल्याणमार्गें मुंबईस जाणाऱ्या गाडींत, परळच्या टाटा रुग्णालयाचे कागद छातीशीं धरून बसलेले रोगी आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिले असतील. हें रुग्णालय अणुशक्ति खात्याकडे आहे, ही गोष्ट मात्र थोड्यांसच ठाऊक असते. कर्करोग आणि अणु यांची ही गांठ डॉ. होमी जहांगीर भाभा यांच्या चरित्रांत सांपडते.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजीं मुंबईंत झाला. मुलानें इंजिनियर व्हावें अशी वडिलांची इच्छा; मुलाचें मन रमलें पदार्थविज्ञानांत. ते केंब्रिजला शिकत असतांनाच, १९३१ सालीं, त्यांच्या आत्या मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. मेहेरबाईंचे पति सर दोराबजी यांच्या नांवच्या विश्वस्तनिधींतून परळचें रुग्णालय १९४१ सालीं उघडलें.

१९४८ सालीं भाभा अणुशक्ति आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९५६ च्या ऑगस्टांत ट्रॉम्बे येथें ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. एवढें सर्वांस पाठ असतें. आमच्या मतें त्यांची थोरवी भट्टी पेटवण्याइतकीच तिच्या धोक्याची तरतूद करण्यांत आहे.

अणूचे किरण दिसत नाहींत, त्यांस वास नाहीं. मोठ्या मात्रेनें ते अंगांत शिरले, म्हणजे हाडांतील मज्जा, जेथें रक्त तयार होतें, ती निकामी होऊं लागते. रक्तांतील पेशी दिवसेंदिवस घटतात आणि साधा जंतुसंसर्गही प्राणावर बेततो. अशा रोग्यास भरण्यासाठीं रक्त, निर्जंतुक खोली आणि मज्जेचे विकार जाणणारा डॉक्टर लागतो. अपघाताच्या दिवशीं हीं साधनें बाजारांतून आणतां येत नाहींत. मेहेरबाईंच्या रोगाशीं झुंजणारी विद्या तीच येथें कामास येते.

किरणांचें मोजमाप ठेवणारा विभाग ट्रॉम्बेस उभा राहिला. कामगारांच्या छातीवर फिल्मची पट्टी लागली. कोणासही इजा होऊं नये, इतकेंच नव्हे तर इतर संस्थांनीं कित्ता गिरवावा अशी दक्षता असावी, असा लेखी हुकूम भाभांनीं १९६० सालीं काढला. १९६२ सालीं टाटा रुग्णालय अणुशक्ति खात्याकडे आलें, आणि पुढल्याच वर्षीं परळला किरणवैद्यकाचें केंद्र निघालें.

२४ जानेवारी १९६६ रोजीं व्हिएन्नास जात असतां त्यांचें विमान माँ ब्लाँ पर्वतावर आदळलें. त्यांचें वय ५६ होतें. १९६७ सालीं ट्रॉम्बेच्या संस्थेस त्यांचें नांव देण्यांत आलें; परळच्या रुग्णालयावर टाटांचेंच नांव राहिलें.