लाखेवर उमटलेला आवाज

(एस. वाय. बी. ए.)

गेल्या वर्षी इतिहासाच्या तासाला सरांनी गौहर जान यांची एक जुनी तबकडी मोबाईलवरून आम्हाला ऐकवली. १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये कलकत्त्यात त्यांचे गाणे प्रथम मुद्रित झाले आणि ते मुद्रित करणारा माणूस होता लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग. तास संपता संपता सर सहज बोलून गेले की हाच गायसबर्ग त्याच वर्षी, सात महिने आधी, इटलीत एका तरुण गायकासमोर आपला कर्णा मांडून बसला होता. गायकाचे नाव एन्रिको कारुसो. मी ते वहीच्या कडेला लिहून घेतले. परीक्षेला येणार नाही हे ठाऊक होते, तरीही लिहिले.

त्या नावाच्या मागे लागून वर्ष गेले. मला पाश्चात्त्य संगीतातले काही कळत नाही हे आधीच सांगून टाकते. ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकाचाच लांबचा नातेवाईक, एवढी समजूत मी करून घेतली आहे. फरक इतकाच की तेथे बहुतेक सारे बोलणेही गाऊनच होते आणि पन्नास-साठ वाद्यांच्या वरून, ध्वनिक्षेपक नसताना, गायकाला आपला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावा लागतो. टेनर म्हणजे पुरुषाचा उंच पट्टीतला आवाज. नायकाची कामे बहुधा त्याच्याकडे.

कारुसोचा जन्म २५ फेब्रुवारी १८७३ रोजी नेपल्स शहरात झाला. जुन्या पुस्तकांत तो एकवीस भावंडांपैकी अठरावा असल्याचे छापलेले असे. पुढे नोंदी तपासल्या तेव्हा भावंडे सात निघाली आणि हा तिसरा. मोठ्या माणसाच्या गरिबीलाही लोक असे वाढवून ठेवतात! खरी गरिबी काही कमी नव्हती. वडील मार्चेल्लिनो हे मेकॅनिक, फौंड्रीत काम करणारे. मुलाने आपल्याच वाटेने जावे असे त्यांना वाटे, आणि अकराव्या वर्षी एन्रिको एका कारागिराकडे उमेदवारीला लागलाही. तो कारागीर सार्वजनिक पाण्याची कारंजी बनवीत असे. शाळेचा आग्रह आईचा. तिच्यामुळे तो थोडे शिकला, चर्चच्या गायकवृंदात गायला. १८८८ मध्ये आई गेली तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. मग कॅफेत, रस्त्यावर, मिळेल तेथे गाऊन चार पैसे घरी आणणे सुरू झाले. पायातला पहिला नवा जोड त्याने अठराव्या वर्षी गाण्याच्या पैशातून घेतला.

हे वाचताना मी थांबले. माझे वडील फौंड्रीत मोल्डर आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. तेव्हा कारुसोच्या वडिलांचा मला राग येत नाही. मुलाने हातात कसब धरावे असे वाटणारा बाप मी रोज पाहते.

त्याचा आवाज आरंभी मुळीच मोठा नव्हता. वरच्या सुरांवर तो फुटे. व्हिन्चेन्झो लोंबार्दी नावाच्या वाद्यवृंद संचालकाने त्याच्याकडून मेहनत करून घेतली तेव्हा ते सूर हाती आले. १५ मार्च १८९५ रोजी तो नेपल्सच्या रंगभूमीवर प्रथम उभा राहिला. त्या सुमाराचे त्याचे एक छायाचित्र आहे, त्यात तो रोमन उमरावासारखे अंगाभोवती वस्त्र गुंडाळून बसला आहे. ते वस्त्र म्हणजे पलंगावरची चादर. सदरा एकच होता आणि तो धुवायला गेला होता, असे सांगतात.

१९०० च्या डिसेंबरमध्ये मिलानच्या ला स्काला या थोर नाट्यगृहात त्याचा प्रवेश झाला. पुढच्याच वर्षी तेथे तोस्कानीनी या संचालकाच्या हाताखाली त्याने दोनिझेत्तीच्या ‘लेलिसिर दामोरे’मध्ये नायकाचे काम करून लोकांना जिंकले. या ऑपेरातला नेमोरिनो हा एक भोळा, गरीब खेड्यातला पोरगा. भोंदू वैद्याकडून प्रेमाचे औषध म्हणून तो साधी दारू विकत घेतो आणि आणखी एका बाटलीच्या पैशासाठी सैन्यात नाव घालतो. शेवटी आपल्यासाठी तिच्या डोळ्यांत आलेला एक अश्रू त्याला दिसतो, त्यावर तो एक गाणे गातो. ‘ऊना फुर्तिवा लाग्रिमा’ या नावाने ते ओळखले जाते. कारुसोच्या आयुष्यात हा ऑपेरा पुन्हा पुन्हा येतो. १९०१ च्या डिसेंबरअखेर हेच काम घेऊन तो आपल्या गावी, सान कार्लो नाट्यगृहात गेला. ला स्काला गाजवून आलेल्या मुलाचे गावाने कौतुक केले नाही. टीका झाली. तो हंगाम पुरा करून त्याने नेपल्समध्ये पुन्हा कधी न गाण्याचे ठरवले आणि ते पाळले.

या अपमानाला चार महिने होत नाहीत तोच ११ एप्रिल १९०२ उजाडला. मिलानच्या एका हॉटेलातील खोली. कारुसोने दहा गाण्यांचे शंभर पौंड मागितले होते. गायसबर्गने पुढे लिहून ठेवले आहे की, रक्कम अवाजवी असून मुद्रण करू नये अशी लंडनहून तार आली होती. त्याने ती मानली नाही. एका दुपारी, एका पियानोच्या साथीने, दहा गाणी झाली. त्यांत ते अश्रूचे गाणेही होते.

तेव्हा मायक्रोफोन नव्हता. विजेवरचे मुद्रण १९२५ मध्ये आले, म्हणजे कारुसोच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. त्याचा एकही सूर मायक्रोफोनपुढे मुद्रित झालेला नाही. गायक एका कर्ण्यात तोंड घालून गाई. आवाजाच्या धक्क्याने पडदा थरथरे, पडद्याची सुई फिरत्या मेणावर चरा कोरी. वरचा जोरकस सूर येण्यापूर्वी गायकाने मागे सरायचे, हळुवार जागेला पुढे यायचे. व्हायोलिनचा नाद कर्ण्यात शिरत नसे म्हणून पुढे व्हायोलिनलाही कर्णे बसवले गेले. फार खालचे आणि फार वरचे नाद हरवत. पण मधला भाग चांगला उमटे, आणि कारुसोच्या आवाजातला भरदारपणा नेमका तेथेच होता. यंत्राला जेवढे ऐकू येई तेवढ्यात त्याचा आवाज बसला. इतर मोठमोठे गायक तबकडीवर पिचके वाटतात, तो वाटत नाही.

मेणावरचा चरा तबकडीवर कसा येतो हे मला पुस्तकातून उमजेना. वडिलांना सांगितले तेव्हा त्यांना लगेच कळले. मेणावर धातूचा थर चढवायचा, तो सोडवला की उलटा साचा मिळतो, त्या साच्याने तबकड्या दाबून काढायच्या. आमच्यासारखेच की, पॅटर्न आणि साचा, असे ते म्हणाले. तबकडी ज्या मालाची होई तो होता लाख, दगडाची पूड आणि काजळी यांचा. जगाला त्या काळी लाखेचा मुख्य पुरवठा हिंदुस्थानातून होत असे. कलकत्त्याची गौहर जान आणि नेपल्सचा कारुसो, दोघांचेही गळे शेवटी आपल्याकडच्या झाडांवरच्या किड्यांनी केलेल्या लाखेवर टिकले, हे मला त्या दिवशी कळले आणि फार बरे वाटले.

पुढची कीर्ती मी भराभर सांगते, कारण ती कुठेही वाचायला मिळते. १९०३ मध्ये न्यूयॉर्कचे मेट्रोपोलिटन ऑपेरा हाऊस, १९०४ पासून अमेरिकेतल्या व्हिक्टर कंपनीशी करार, १९०६ मध्ये सान फ्रान्सिस्कोच्या भूकंपातून सुटका. १९१८ मध्ये मूकपटातही काम केले. ज्याचा आवाज जगाला हवा होता त्याला मूकपटात घेणाऱ्यांची मला गंमत वाटते. एकूण सुमारे २५० मुद्रिका प्रसिद्ध झाल्या.

परंतु १९०८ आणि १९०९ ही दोन वर्षे घाईने ओलांडता येत नाहीत. १९०८ मध्ये त्याच्या दोन मुलांची आई आदा जाकेत्ती त्याला सोडून गाडीच्या चालकाबरोबर निघून गेली. १९०९ मध्ये त्याच्या स्वरतंतूवर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरचा आवाज अधिक गडद, जड आहे. अश्रूचे तेच गाणे त्याने १९११ मध्ये वाद्यवृंदासह पुन्हा दिले. ते अधिक पक्व आहे, असे सर म्हणतात. असेल. मला १९०२ चे आवडते. त्यात थोडी घाई आहे, पियानो खोक्यात ठेवल्यासारखा वाजतो. पण गाणारा पोरगा खरोखर नेमोरिनो वाटतो. १९११ मध्ये गाणाऱ्याला ते अश्रू पुढे कुठे जातात हे ठाऊक झालेले आहे.

या ठेव्याच्या उणिवाही आहेत. तीन-चार मिनिटांत बसावे म्हणून गाणी कापली गेली, धावली. त्याने रंगभूमीवर गायलेला एकही ऑपेरा पूर्ण ऐकायला मिळत नाही. तबकडी चुकीच्या वेगाने फिरवली तर पट्टीच बदलते. मी सुरुवातीला अशीच एक चढलेली मुद्रिका ऐकून हा गायक इतका पातळ कसा म्हणून खट्टू झाले होते. १९३२ पासून कंपनीने जुन्या गाण्यांमागे नवा वाद्यवृंद वाजवून जोडला. जुन्या मूर्तीवर शेंदराची पुटे चढवावीत तसे ते मला वाटते. १९७६ मध्ये थॉमस स्टॉकहॅम या अमेरिकन शास्त्रज्ञाने संगणकाने कर्ण्याचा घुमारा काढून टाकलेल्या मुद्रिका निघाल्या. ते काम निराळे. तेथे काही चढवले नाही, खरवडले.

माझे आजोबा गावच्या भजनी मंडळात गात. खर्ज असा की देवळाची घंटा नुसत्या आवाजाने घुमे, असे लोक अजून सांगतात. त्यांची एक कॅसेट होती. ती आमच्या घरातल्याच कोणीतरी पुसून तिच्यावर सिनेमाची गाणी भरली. मी तीन वर्षांची असताना ते गेले. त्यांचा आवाज मला आठवत नाही. म्हणून जुन्या तबकडीतल्या खरखरीबद्दल तक्रार करणाऱ्यांशी माझे पटत नाही.

१९२० च्या सप्टेंबरमध्ये कारुसोने शेवटच्या तबकड्या दिल्या. ११ डिसेंबरला ब्रुकलिनमध्ये पुन्हा तोच ऑपेरा, तोच नेमोरिनो. गाताना घशातून रक्त येऊ लागले. आडोशातून एकामागून एक रुमाल पुढे होत होते आणि तो गात होता. पहिला अंक त्याने पुरा केला. २४ डिसेंबरला मेट्रोपोलिटनमध्ये ‘ला ज्यूईव्ह’ हा त्याचा शेवटचा प्रयोग झाला. फुप्फुसाच्या आवरणाला पू झाला, शस्त्रक्रिया झाल्या. तो नेपल्सला परतला आणि २ ऑगस्ट १९२१ रोजी तेथेच वारला. वय अठ्ठेचाळीस. ज्या गावात पुन्हा गाणार नाही म्हणून तो निघाला होता, त्या गावाने त्याची अंत्ययात्रा राजाच्या परवानगीने सान फ्रान्चेस्को दि पाओला या चर्चमधून काढली.

हा लेख लिहून झाला त्या रात्री वडील दुसऱ्या पाळीवरून आले. मी १९०२ ची मुद्रिका लावली. सुरुवातीची खरखर ऐकून आईने आतून विचारले, पाऊस आला का? वडिलांनी हातानेच तिला गप्प केले. गाणे संपल्यावर त्यांनी पोरग्याचे वय विचारले. मी एकोणतीस सांगितले. त्यांनी हातपाय धुतले, ताटावर बसले आणि म्हणाले, परत लाव.