एका ऋणाइताचे स्मरण

धर्मांतर हा शब्द आपल्या किनाऱ्यावर शांत मनाने ऐकला जात नाही, आणि त्याला कारण आहे. सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा यांना त्यांच्या भक्तांनी पोर्तुगीज अमलाबाहेर नेले आणि प्रियोळ व कवळे येथे त्यांची नव्याने स्थापना केली, ही हकीकत आपल्या घराघरांत पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली आहे. राजसत्तेच्या धाकाने माणसाचा देव हिरावून घेतला जातो तेव्हा केवढी जखम होते, हे आपल्याला कुणी शिकवावयास नको. परंतु जखम कितीही जुनी असली तरी तिने आपली न्यायबुद्धी अधू करू नये. धाकाने झालेले धर्मांतर आणि अंतःकरणाच्या शोधातून घडलेले धर्मांतर ही एकाच मापाने मोजणे हा अन्यायच होय. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवण्याचा आमचा हेतू तोच आहे.

रत्नागिरी जिल्ह्याने महाराष्ट्राला दोन टिळक दिले. लोकमान्यांचे नाव ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. दुसरे टिळक मात्र शाळेच्या क्रमिक पुस्तकातील एकदोन कवितांपुरते उरले आहेत. दापोली तालुक्यातील करजगाव येथे ६ डिसेंबर १८६१ रोजी एका चित्पावन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील तापट आणि करारी, आई प्रेमळ आणि देवभक्त. आई लहानपणीच गेली. तिच्याविषयीची आर्तता टिळकांच्या मनात अखेरपर्यंत राहिली, आणि त्यांच्या काव्यातील वात्सल्याचा झरा तेथूनच फुटला असे आम्हांस वाटते. पुढे नाशिकला त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. शिक्षण अर्धवट, नोकरी अस्थिर, स्वभाव भटका. आज या गावी शिक्षक, तर उद्या त्या गावी कीर्तनकार किंवा पुराणिक, असे त्यांचे तारुण्य गेले. नागपुरास असताना संस्कृत ग्रंथांच्या संपादनाचे काम त्यांनी केले. तेथेच कोकणातीलच एका तरुणाशी, मालगुंडच्या कृष्णाजी केशव दामले यांच्याशी, त्यांची ओळख झाली. हा तरुण पुढे केशवसुत या नावाने मराठी कवितेचा युगप्रवर्तक ठरला.

१८८० मध्ये टिळकांचा विवाह नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिकेशी झाला. वधूचे वय जेमतेम अकराबारा वर्षांचे. याच पुढे लक्ष्मीबाई टिळक. त्यांच्याविषयी आम्ही शेवटी लिहिणार आहोत, कारण त्यांच्यावाचून हे चरित्र अपुरे आहे.

टिळकांचे मन पारंपरिक धर्माने निवत नव्हते. जातिभेदाने माणसामाणसांत घातलेल्या भिंती त्यांना सलत होत्या. १८९३ च्या सुमारास राजनांदगावकडे जात असता आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाशी त्यांचे धर्मविषयक संभाषण झाले आणि त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती दिली. टिळकांनी ती वाचावयास घेतली आणि ख्रिस्ताच्या गिरिप्रवचनाशी येऊन ते थबकले. शत्रूवर प्रेम करावे, दान गाजावाजा न करता द्यावे, उद्याची चिंता देवावर सोपवावी, हा उपदेश त्यांना इतका भिडला की त्यांचा शोध त्याच वाटेने सुरू झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून न घेता एका देशी पाळकाच्या हातून घेण्याचा त्यांनी आग्रह धरला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

तो काळही ध्यानात घेतला पाहिजे. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये १८९० साली घेतलेल्या चहाच्या एका पेल्यावरून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्या पुरुषांना प्रायश्चित्ताच्या वादात ओढले गेले. जेथे चहाच्या घोटाची ही किंमत, तेथे बाप्तिस्म्याची किंमत काय असेल! टिळक जातीला मेले. आप्तेष्ट तुटले, आणि ज्या समाजाची भाषा त्यांच्या रक्तात होती त्या समाजाने त्यांना दार लावले.

आपल्या शास्त्रांनी माणूस तीन ऋणे घेऊन जन्मतो असे सांगितले आहे : देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. टिळकांचे पुढचे आयुष्य पाहताना आम्हांस आश्चर्य वाटते ते याचे, की ज्या धर्माने हा विचार दिला तो धर्म सोडल्यावरही हा माणूस ऋणे फेडीत राहिला. नवा देव मिळाला म्हणून जुन्या सावकारांना त्याने बुडविले नाही.

ऋषिऋणाचेच पाहा. आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो ते तुकोबांच्या पुलावरून, हे टिळक उघडपणे सांगत. ख्रिस्ती उपासनेत तोवर इंग्रजी चालींवर बेतलेली गीते गायिली जात. टिळकांनी तेथे अभंग आणला, ओवी आणली, भजन आणि कीर्तन आणले. त्यांनी रचलेली शेकडो भक्तिगीते मराठी ख्रिस्ती मंडळी आजही प्रार्थनेत गाते. खेड्यातील ख्रिस्ती बाई टाळाच्या नादावर भजन म्हणते तेव्हा देहूचा संस्कार तिच्या ओठांवर असतो, आणि तो तेथवर पोहोचविणारा हात टिळकांचा आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ओवीछंदात रचलेले क्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, हे गोमंतकीय वाचकांना सांगावयास नकोच. टिळकांनी तीनशे वर्षांनी त्याच वाटेवर ख्रिस्तायन रचावयास घेतले. ख्रिस्ताच्या चरित्राला रामायणाच्या धर्तीवर नाव देणारा माणूस वाल्मीकीला विसरलेला नव्हता.

पितृऋणात आम्ही मातृभूमीचे ऋणही धरतो. परधर्म स्वीकारला म्हणजे परराज्यही स्वीकारले, असा समज त्या काळी हिंदूंत होता, आणि काही ख्रिस्ती कुटुंबांच्या साहेबी राहणीने त्याला पुष्टीही मिळत असे. टिळकांनी तो समज आपल्या जगण्याने खोडून काढला. पोशाख देशी, बोलणे मराठी, कविता देशभक्तीची. ख्रिस्ताचा अनुयायी असणे आणि हिंदुस्थानचा पुत्र असणे यांत त्यांना कधी विरोध दिसला नाही. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, आणि राहुरी ही त्यांची कर्मभूमी झाली. १९१२ पासून अखेरपर्यंत त्यांनी ज्ञानोदय या जुन्या नियतकालिकाचा मराठी विभाग सांभाळला.

आता देवऋण. कृतज्ञतेविषयीच्या ख्रिस्ती विचाराचा गाभा असा, की मनुष्याला जे मिळते ते त्याच्या लायकीचे मोल म्हणून मिळत नाही, ते कृपेने मिळते. म्हणून देवाशी हिशेब मांडता येत नाही, आणि नवस फेडून मोकळेही होता येत नाही. मिळालेले पुढच्या माणसाला देत राहणे, एवढीच परतफेड. जेवणाच्या पानावर बसून ख्रिस्ती कुटुंब आभार मानते आणि आपण पानाभोवती चित्राहुती घालतो; दोन्हींचा अर्थ, हा घास केवळ माझा नव्हे, असाच आहे. फरक पडतो तो पानावरून उठल्यानंतर. टिळकांच्या घरी हा अर्थ पानापुरता राहिला नाही. दुष्काळात पोरकी झालेली मुले त्यांच्या घरी आली आणि घरची झाली. पगार हाती पडला की तो गरजवंताकडे वळे आणि चूल पेटविण्याची विवंचना पत्नीवर येई. या दातृत्वाचे कौतुक करताना ती विवंचनाही विसरू नये.

१९०७ साली जळगावला पहिले मराठी कविसंमेलन भरले, त्याच्या मुळाशी टिळकांची धडपड होती. त्या संमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या कोवळ्या मुलाने कविता म्हटली आणि तो बालकवी ठरला. या मुलाला टिळकांनी आपल्या घरी ठेवून घेतले, पुत्रवत् सांभाळले. बालकवी त्या ख्रिस्ती घरात जेवले, राहिले, लिहिते झाले, आणि हिंदूच राहिले. घरात आलेल्या पोराच्या कवितेवर प्रेम करावे आणि त्याच्या धर्माला हात लावू नये, याहून मिशनरी वृत्तीची शुद्ध परीक्षा कोणती? ज्यांना प्रत्येक ख्रिस्ती सेवेमागे जाळे दिसते त्यांनी आणि ज्यांना सेवेचे फळ शिरगणतीत मोजावेसे वाटते त्यांनीही या एका उदाहरणाशी थोडे थांबावे.

परंतु एक ऋण असे होते की ते टिळकांनी प्रथम बुडविलेच होते. बाप्तिस्मा घेताना त्यांनी पत्नीला विश्वासात घेतले नाही. बातमी कळली तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पती जिवंत, परंतु घर मोडलेले. पदरी लहान मुलगा. समाजाच्या लेखी ना सवाष्ण, ना विधवा. चारपाच वर्षे हा ताटातुटीचा काळ गेला. माणुसकीचा नवा मार्ग सापडलेला माणूस घरातल्या माणसालाच मागे सोडून गेला, हा या चरित्रावरचा डाग आहे आणि तो पुसण्याचा खटाटोप आम्ही करणार नाही. सत्याच्या नावाने बाहेर पडणाऱ्या थोर पुरुषांकडून हे वारंवार घडले आहे. आपल्या राष्ट्रीय चळवळीतही किती घरांत अशाच चुली विझल्या याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

टिळकांचे मोठेपण एवढेच, की त्यांनी हे ऋण नाकारले नाही. ते पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. लक्ष्मीबाई परत आल्या तेव्हा सोवळेओवळे पाळीत, आपला स्वयंपाक वेगळा करीत त्या राहिल्या, आणि टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. जातीची बंधने त्यांच्या स्वतःच्या विचाराने गळाली आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. शाळेचे शिक्षण जवळजवळ नसलेल्या या स्त्रीने पतीच्या मागे अपुरे राहिलेले ख्रिस्तायन पूर्ण केले. टिळकांचे दहाअकरा अध्याय झाले होते. पुढचे साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंचे आहेत. १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेली त्यांची स्मृतिचित्रे मराठी गद्याचे लेणे ठरली. पतीचा विक्षिप्तपणा, संताप, भोळेपणा आणि प्रेम हे सर्व त्यांनी हसत हसत सांगितले आहे. ज्या स्त्रीला कडू होण्याचा पुरेपूर अधिकार होता तिने तो वापरला नाही. कृतज्ञतेचा धडा घ्यावयाचा तर तो, खरे सांगायचे तर, नवऱ्यापेक्षा बायकोकडून घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनच्या पगाराची नोकरी सोडली. साताऱ्यास राहून त्यांनी देवाचा दरबार या नावाची मंडळी उभारण्यास प्रारंभ केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे लोक तीत भाऊबहिणींच्या नात्याने यावेत, ही कल्पना. ख्रिस्ती संन्यासी म्हणून जगण्याचा त्यांचा संकल्प होता. परंतु आयुष्य उरले नव्हते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि तो दरबार पुरता भरण्याआधीच उठला. व्यवहाराच्या दृष्टीने हा प्रयोग फसला असे कुणी म्हणेल. आम्ही तसे म्हणणार नाही. चर्चच्या भिंतीबाहेर आणि जातीच्या कुंपणाबाहेर माणसांना एकत्र बसविण्याची जागा असावी, ही त्यांची गरज आजही आपली गरज आहे.

आज धर्मांतराचा विषय निघाला की दोन्ही बाजूंनी डोकी मोजली जातात. कुणाचे किती गेले आणि कुणाचे किती आले, एवढाच प्रश्न विचारला जातो. टिळकांच्या चरित्राने आम्हांस दुसरा प्रश्न विचारावयास शिकविले आहे : ज्या देवाचे नाव तू घेतोस त्याने तुला दिलेले तू पुढे कुणाला दिलेस? हा प्रश्न ख्रिस्ती माणसाला जसा विचारता येतो तसाच तो देवळात जाणाऱ्या आपल्यालाही विचारता येतो, आणि उत्तर देताना दोघांनाही सारखेच खाली पाहावे लागते.

मंगेश आणि शांतादुर्गा यांच्या डोलीला खांदा देणाऱ्या पूर्वजांचे ऋण आपल्यावर आहे आणि ते आपण मानतोच. करजगावच्या या कवीचे ऋण मानल्याने त्या ऋणाला बाध येत नाही. त्यांनी आपला धर्म सोडला हे खरे. परंतु आपल्या भाषेला आणि आपल्या माणसांना त्यांनी सोडले नाही. आपण मात्र शंभर वर्षांपूर्वी त्यांना लावलेले दार अजून पुरते उघडलेले नाही. ते उघडणे आपल्या हाती आहे.