सल्ला मागणारा पुढारी : विल्यम विल्बरफोर्स

१७८५ सालच्या डिसेंबर महिन्यातील गोष्ट. लंडनमधील एका चौकात ठेंगण्या, नाजूक बांध्याचा एक तरुण घुटमळत होता. ज्या घरी जायचे ते समोर दिसत होते. पण चौकाला वळसा घालून पुन्हा तेथेच आला तरी दार ठोठावण्याचा धीर त्याला होईना. वय अवघे सव्वीस. पण यॉर्कशायरसारख्या मोठ्या परगण्याचा तो पार्लमेंटातील प्रतिनिधी होता आणि पंतप्रधान विल्यम पिट याचा जिवलग मित्र. अशा माणसाची छाती धडधडावी, असे त्या घरात होते तरी कोण? तर जॉन न्यूटन नावाचा साठीचा एक धर्मोपदेशक. (सफरचंदवाला न्यूटन तो निराळा!)

विल्यम विल्बरफोर्सचा जन्म २४ ऑगस्ट १७५९ रोजी हल या बंदराच्या गावी एका श्रीमंत व्यापारी घराण्यात झाला. लहानपणीच वडील वारले. काही काळ तो काका-काकूंकडे राहिला आणि तेथेच त्याने न्यूटनची प्रवचने ऐकली. पोरगा फार धार्मिक होतो आहे असे पाहून आईने त्याला परत नेले. केंब्रिजला त्याचे दिवस पत्ते, गाणी आणि मेजवान्या यांत गेले. १७८० साली, एकविसाव्या वर्षी, तो हलमधून पार्लमेंटात निवडून आला. त्या निवडणुकीत आठ हजारांहून अधिक पौंड खर्च झाले. तेव्हाची मते कशी मिळत, हे अधिक सांगायला नकोच.

पुढे आयझॅक मिल्नर या विद्वान मित्राबरोबर युरोपचा प्रवास करताना दोघांनी नवा करार वाचला. या वाचनाने विल्बरफोर्सच्या मनात खळबळ उडाली. राजकारण हा सारा दिखाऊपणा आहे, तो सोडून चर्चची सेवा पत्करावी, असे त्याला वाटू लागले. मात्र असा धार्मिक आवेश उच्चभ्रू समाजात वेडेपणा समजला जाई. म्हणूनच ही भेट गुप्त ठेवावी, अशी त्याने न्यूटनला विनंती केली होती.

न्यूटनचीच निवड का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ख्रिस्ती धर्मग्रंथात शलमोनाचा पुत्र रहबाम याची कथा आहे. वृद्धांचा सल्ला धुडकावून त्याने आपल्या बरोबरीच्या तरुणांचे ऐकले आणि राज्य दुभंगले. विल्बरफोर्सभोवती हुशार तरुणांची वाण नव्हती. पण तो गेला एका अशा म्हाताऱ्याकडे, जो एकेकाळी गुलाम वाहून नेणाऱ्या गलबतांचा कप्तान होता आणि ते पाप उरात घेऊन जगत होता. न्यूटनने त्याला राजकारण सोडू दिले नाही. देवाची सेवा पार्लमेंटात राहूनही होते, असा त्याच्या सांगण्याचा आशय होता. पिटनेही पत्र लिहून एकांतवास पत्करू नये म्हणून विनवले. विल्बरफोर्स परतला तो मन शांत करून.

१७८७ साली पिटच्याच प्रोत्साहनाने त्याने गुलामांच्या व्यापाराविरुद्धचा लढा पार्लमेंटात हाती घेतला. पुरावा गोळा करणारा होता थॉमस क्लार्कसन. बंदरोबंदर हिंडून त्याने खलाशांच्या जबान्या घेतल्या, बेड्या आणि अंगठे चिरडण्याचे स्क्रू मिळवले. न्यूटननेही आपली लाज बाजूला सारून साक्ष दिली. १२ मे १७८९ रोजी विल्बरफोर्स कॉमन्स सभेत सुमारे साडेतीन तास बोलला. तरीही १७९१ साली प्रस्ताव ८८ विरुद्ध १६३ मतांनी पडला. १७९६ साली तर तो अवघ्या चार मतांनी हुकला. त्याचे काही पाठीराखे त्या रात्री चक्क ऑपेरा पाहायला गेले होते!

या वीस वर्षांत त्याला सावरले ते क्लॅपहॅम येथील मित्रमंडळाने. सावकारी पेढीचा मालक हेन्री थॉर्नटन याच्या घरातील ग्रंथालयात हे लोक जमत. झॅकरी मेकॉले (आपल्याकडच्या शिक्षणाशी ज्याचे नाव जडले आहे त्या मेकॉलेचा बाप) म्हणजे माहितीचे चालतेबोलते भांडार. वकील जेम्स स्टीफन मोठा तापट. पिटच्या मैत्रीपायी विल्बरफोर्स गप्प बसतो असे वाटले की तो त्याला खरमरीत पत्र लिही. असा माणूस आपण जवळ केला असता काय? विल्बरफोर्सने मात्र त्याला दूर लोटले नाही. पुढे तर तो त्याचा मेहुणा झाला.

१८०६ साली याच स्टीफनने युक्ती सुचवली. युद्ध चालू आहे, तेव्हा परकीय वसाहतींना गुलाम पुरवण्यास ब्रिटिशांना बंदी करावी. हा युद्धनीतीचा भाग म्हणून सहज मंजूर होईल. अट एकच, विल्बरफोर्सने पुढे यायचे नाही, म्हणजे विरोधक सावध होणार नाहीत. ज्याने उमेदीची वर्षे या प्रश्नावर घालवली त्याने मुकाट्याने मागे बसावे! तो बसला. विधेयक संमत होऊन व्यापाराचा मोठा भाग बंद पडला. २३ फेब्रुवारी १८०७ रोजी मुख्य विधेयक १६ विरुद्ध २८३ मतांनी कॉमन्स सभेत पार पडले. सभागृह त्याचा गौरव करीत असताना विल्बरफोर्स खाली मान घालून रडत होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूटन वारला.

पण या माणसाचे सगळेच निर्णय सुज्ञ होते असे म्हणता येत नाही. १८१३ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेत मिशनऱ्यांना हिंदुस्थानचे दार उघडणारे कलम घालण्यात त्याचा पुढाकार होता. त्या वेळी हिंदू समाजाविषयी तो अतिशय कठोर बोलला. त्याने हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. त्याचा मुख्य सल्लागार चार्ल्स ग्रँट हा कंपनीचा संचालक, क्लॅपहॅमच्याच मंडळातला आणि त्याच मताचा. स्टीफनसारखे त्याला खडसावणारे कोणी या प्रश्नात नव्हते. तीच गोष्ट स्त्रियांच्या गुलामीविरोधी मंडळांची. त्यांनी जाहीर चळवळ करावी हे त्याला रुचले नाही. गुलामगिरी तत्काळ नष्ट करा, असे एलिझाबेथ हेरिकने १८२४ सालीच बजावले होते. पुरुष पुढारी तेव्हा हळूहळू जाण्याच्या गोष्टी करीत होते.

व्यापार थांबला तरी वसाहतींतील गुलाम गुलामच होते. प्रकृती ढासळू लागली तेव्हा, १८२१ साली, विल्बरफोर्सने थॉमस फॉवेल बक्सटन या आपल्याहून सत्तावीस वर्षांनी लहान सभासदाला लढ्याची सूत्रे घेण्याची विनंती केली. १८२५ साली पार्लमेंट सोडले. २६ जुलै १८३३ रोजी गुलामगिरी रद्द करणारे विधेयक आता खात्रीने पार पडणार, ही बातमी आजारी विल्बरफोर्सच्या कानी आली. या कायद्याने दोन कोटी पौंडांची भरपाई मिळाली ती मालकांना, गुलामांना नव्हे. तीन दिवसांनी, २९ जुलै रोजी, त्याने प्राण सोडला. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये पिटच्या जवळच त्याला पुरण्यात आले. लढ्याची राहिलेली कामे बक्सटन पाहत होता.